पाइपची ऑर्डर देण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मातीविना, खतांच्या द्रावणात लेट्यूस (सॅलडची पानं) पिकवायचं, म्हणजे हायड्रोपोनिक्सचं, तू ठरवलंस; त्याचा हिशोबाचा कागद दोनदा वाचला. पाइप, पंप, शेडनेट, टाक्या, सगळं आलंय. दोन रकाने मात्र नाहीत: न विकला गेलेला माल आणि तुझी स्वतःची मजुरी.

लेट्यूस पुनर्लागवडीनंतर ३०-३५ दिवसांत निघतं, म्हणून तू वर्षाला १० पिकं धरलीस. पाइप धुणं, रोपं वेळेवर तयार नसणं, उन्हाळ्यात लेट्यूस कडू होऊन फुलावर जाणं, यात दोन-तीन पिकं कधी गेली ते कळतही नाही. मी ७ धरेन. पाइपांतल्या रोपांच्या १,००० छिद्रांतून ७,००० गड्डे. पाचवा हिस्सा पडून राहिला तर ५,६००. वर्षाचा सगळा खर्च, घसाऱ्यासकट, या ५,६०० ने भाग. जो आकडा येईल तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता येतो का ते बघ. घसारा कमी धरू नकोस. उन्हाने प्लास्टिक कागद विरतो, आणि पीएच (पाण्याची आम्लता) मोजायच्या मीटरचा प्रोब एक-दोन वर्षांत बदलावा लागतो.

उत्पन्न कैक पटींनी वाढतं, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. हे जुनंच आहे. १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरिकींनी द्रावणात २५ फूट उंच टोमॅटोचे वेल वाढवले आणि लोक हरखले. त्याच विद्यापीठातल्या होगलँड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये सांगून टाकलं की चांगल्या मातीपेक्षा उत्पन्न काही फार वेगळं येत नाही. फायदा आहे तो पाणी वाचण्यात, माल स्वच्छ निघण्यात, आणि जमीन नापीक असली तरी पीक घेता येण्यात. तुझी जमीन चांगली आहे, हे विसरू नकोस.

आता तयारीचं. माती चूक पोटात घालते, द्रावण घालत नाही. पीएच ५.५ ते ६.५, लेट्यूसला ईसी (पाण्यात खतं किती विरघळलीत ते दाखवणारा आकडा) साधारण १.२ ते १.८, हे रोज बघायचं. सणावाराला, तापात, कंटाळा आला तरी. पाणी २५ अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू घटतो, मुळं तपकिरी पडतात, आणि तेच पाणी फिरत असल्याने एका रोपाची कुज सगळ्यांच्या दारात जाते. पातळ धारेच्या पाइपांत पंप थांबला तर कडक उन्हात दोन-तीन तासांत खेळ संपतो. माझा संपला होता. फ्यूज उडालेला, मी दुपारी झोपलेलो.

माझी आणखी एक चूक सांगतो. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटची खतं तीव्र द्रावणात एकत्र करू नकोस. मी घाईत केली, तळाला पांढरा गाळ बसला. ते जिप्सम होतं. कॅल्शियम गाळात गेलं आणि पानांच्या कडा जळाल्या.

तेव्हा पाइप नकोतच. एक उथळ हौद, हवेचा पंप, तरंगता थर्माकोल आणि २०० रोपं. पाणी भरपूर असलं की वीज गेल्यावर सावरायला वेळ मिळतो. तीन पिकं घे, त्यातलं एक भर उन्हाळ्यात, आणि प्रत्येक गड्डा स्वतः जाऊन विक. कुणी दुसऱ्यांदा मागितला ते वहीत लिही.

त्याआधी विहिरीचं पाणी तपासून घे. बायकार्बोनेट जास्त असेल तर पीएच सतत वर चढेल आणि आम्लाचा खर्च वाढेल; सोडियम जास्त असेल तर ते फिरत्या पाण्यात साचत जाईल. अहवाल आला की आधी मला पाठव. पाइपवाल्याला तोवर थांबव.

तुझा,
काका