जबडा दुखतोय म्हणजे स्नायू ओव्हरअ‍ॅक्टिव्ह आहे का? ईएमजीवर विश्वास ठेवून दात ग्राइंड करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की कित्येक महिने डावा गाल आणि कानशील दुखतंय, एक्सरे नॉर्मल आहे, आणि एका क्लिनिकमध्ये गालाला इलेक्ट्रोड लावून ईएमजी (स्नायूतली विजेची हालचाल मोजणारी तपासणी) काढून सांगितलं की मसल ओव्हरअ‍ॅक्टिव्ह आहे, दात थोडे ग्राइंड करून चावा जुळवू. मी फिजिओ आहे, जबड्याचे पेशंट रोजचेच, त्यामुळे सरळच सांगते, तेवढ्यासाठी दात ग्राइंड करू देऊ नका, घासून गेलेला दात परत येत नाही.

स्नायू आखडला म्हणून दुखतो आणि दुखतो म्हणून अजून आखडतो, हे ऐकायला पटतं आणि वर्षानुवर्षं तेच शिकवलं गेलं. पण १९९१ मध्ये लुंड या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ उलटं मांडलं, की दुखणारा स्नायू चावताना जोर कमी लावतो आणि जबडा हळू, कमी हलतो, पाय मुरगळल्यावर आपण लंगडतो ना, तसंच. निरोगी माणसाच्या गालाच्या स्नायूत, म्हणजे मॅसेटरमध्ये, मिठाचं तीव्र पाणी टोचून मुद्दाम दुखवलं तरी चावताना त्याची अ‍ॅक्टिव्हिटी घटलेली दिसते. अर्थात हेही सगळ्यांना तंतोतंत लागू होत नाही, माणसागणिक फरक पडतो. आणि ईएमजीचा आकडा तर इलेक्ट्रोड जरा सरकला, गालावर चरबी कमीजास्त असली तरी बदलतो, त्यावरून दुखण्याचं निदान करणं मला पटत नाही.

मग रात्री दात खाण्याचं काय? (जंतांमुळे खातात असं आजी सांगायची, ते सोडून द्या.) न्यूयॉर्कमध्ये असं दुखणं असलेल्या शंभरावर बायकांना स्लीप लॅबमध्ये झोपवून बघितलं, २०१२ मध्ये ते छापून आलं, त्यांचं दात खाणं न दुखणाऱ्या बायकांपेक्षा जास्त नव्हतं. नंतर त्याच रेकॉर्डिंगमध्ये एक गोष्ट सापडली, दात खात नसतानाही झोपेत त्यांचे स्नायू पूर्ण सैल पडत नव्हते, थोडासा ताण सतत होता. मला पेशंटमध्ये दिवसा हेच दिसतं, कचकन आवळणारे कमी आणि लॅपटॉपसमोर, गाडी चालवताना, भाजी चिरताना दात नुसते टेकवून बसलेले जास्त. खरं तर जेवण, गिळणं सगळं धरून दिवसभरात दात एकमेकांना लागायचे ते जेमतेम वीसेक मिनिटं.

आत्ता हे वाचताना बघा, दात टेकलेत का? टेकले असतील तर बोटं गालावर ठेवा, दात हलकेच दाबा, बोटाखाली गोळा उठतो तो मॅसेटर. आता "मऽऽ" म्हणा आणि तसंच थांबा, ओठ मिटलेले, दात सुटलेले. दिवसभर जबडा असा राहिला पाहिजे. फोनला एक स्टिकर लावा, दिसला की चेक करायचं, बास.

आणि इतके महिने दुखल्यावर प्रश्न एकट्या स्नायूचा राहत नाही, नसा आणि मेंदूच जास्त संवेदनशील होतात, म्हणून झोप, टेन्शन, मान, सगळं बघावं लागतं. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये जबड्याचे व्यायाम, स्ट्रेचिंग, थेरपिस्टने हाताने सांधा हलवून देणं (मोबिलायझेशन) आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत, यांना जोरदार शिफारस आहे. साध्या काढघाल स्प्लिंटबद्दल, म्हणजे दातांवर बसवायच्या प्लास्टिकच्या पट्टीबद्दल, मात्र त्यांचा कल नकोकडेच आहे, दात झिजत असतील तर ते वाचवायला स्प्लिंट लावणं हा वेगळा विषय. माझे पेशंट वरणभात, गरम शेक आणि व्यायामावर बऱ्यापैकी सावरतात, हळूहळू. भाकरी कायमची सोडू नका, दुखणं उतरलं की परत सुरू करा, सुपारी आणि च्युइंगम मात्र बंद.

तोंड अचानक अडकलं, सूज-ताप आला, तर थांबू नका. वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि चावताना जबडा भरून येऊन नवीनच कानशिलाची डोकेदुखी किंवा नजरेचा त्रास सुरू झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तो रक्तवाहिनीचा आजार असू शकतो आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. जिना चढताना जबडा दुखत असेल आणि बसल्यावर थांबत असेल तर आधी ईसीजी, ते हृदयाचं दुखणं असू शकतं.