बुएनोस आइरेसला येण्यापूर्वी: स्पॅनिशमधील लिंगव्यवस्था आणि ‘तोदेस’चा वाद

पुण्यात स्पॅनिशची बी-१ पातळी पूर्ण करून तुम्ही सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्जेंटिनातल्या बुएनोस आइरेसला येत आहात, आणि ‘सर्वजण’ या अर्थी ‘तोदोस’ म्हणावे, ‘तोदास इ तोदोस’ म्हणावे की ‘तोदेस’, असे तुम्ही विचारले आहे. इथे स्थायिक झालेली मराठी व्यक्ती म्हणून सविस्तर लिहिते.

मराठीची तीन लिंगे येत असली, तरी त्या जोरावर स्पॅनिशची दोन लिंगे आपोआप येत नाहीत. आपला हात पुल्लिंगी, तर त्यांचा ‘मानो’ शेवटी ‘ओ’ असूनही स्त्रीलिंगी. क्रियापद मात्र आपल्यापेक्षा सोपे आहे. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ या दोन्हींसाठी एकच ‘बोय’ पुरतो. बोलणाऱ्याचे लिंग विशेषणात दिसते, म्हणून दमलात की तुम्ही ‘एस्तोय कान्सादा’ म्हणाल आणि पुरुष ‘कान्सादो’ म्हणेल.

वादाचे मूळ मिश्र समूहात आहे. मुलगे आले, मुली आल्या आणि दोघे मिळून ‘मुले आली’ असे नपुंसकलिंगाच्या आधाराने आपल्याला म्हणता येते (‘विद्यार्थी’, ‘पाहुणे’ म्हणताना आपणही पुल्लिंगच वापरतो, हे खरे). स्पॅनिशमध्ये नामांना नपुंसकलिंग नाही, त्यामुळे मुलींच्या भरल्या वर्गात एक मुलगा आला की ‘तोदास’चे ‘तोदोस’ होते. रिआल आकादेमिया एस्पान्योला या भाषासंस्थेच्या मते या पुल्लिंगी रूपात स्त्रियांचा समावेश असतोच; स्पेनच्या संविधानाच्या भाषेविषयी २०२०मध्ये दिलेल्या अहवालातही तिने हीच भूमिका घेतली. ज्यांना हे पटत नाही, त्यांतले काही दोन्ही रूपे उच्चारतात, तर काही ‘ओ’ आणि ‘आ’ यांच्या जागी ‘ए’ वापरतात, ज्यात स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्यांनाही जागा मिळते. लिखाणात एक्स किंवा ॲटचे चिन्हही दिसते, पण ते उच्चारता येत नाही.

‘ए’ एका शब्दापुरता राहत नाही. उपपद आणि विशेषण दोन्ही बदलून ‘तोदेस लेस चीकेस’ (सगळी मुले) असे म्हणावे लागते. ‘आमीगो’चे (मित्र) ‘आमीगे’ लिहिताना ‘ग’चा उच्चार टिकवण्यासाठी मध्ये यू हे अक्षर घालावे लागते, हे लक्षात ठेवा.

अर्जेंटिनात हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. २०१८मध्ये गर्भपाताच्या कायद्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांमुळे ही रूपे घराघरांत पोचली. २०२१पासून राष्ट्रीय ओळखपत्रावर स्त्री-पुरुषांखेरीज ‘एक्स’ हा पर्याय मिळतो. उलट, २०२२मध्ये बुएनोस आइरेस शहराच्या सरकारने शाळांतील अध्यापनात आणि पालकांना पाठवायच्या पत्रांत या रूपांना मनाई केली, आणि २०२४मध्ये राष्ट्राध्यक्ष हावियेर मिले यांच्या सरकारने केंद्रीय प्रशासनातही बंदी जाहीर केली. त्यामुळे ‘तोदेस’ म्हणताच ऐकणारा तुमची राजकीय बाजू ठरवून मोकळा होतो, हे समजून मगच तो शब्द उच्चारावा.

माझे मत असे की, एखाद्या व्यक्तीने स्वतःसाठी ‘तो’ किंवा ‘ती’ऐवजी ‘एशे’ हे सर्वनाम सांगितले, तर ते निःसंकोच वापरावे, कारण समोरच्याला त्याच्या इच्छेप्रमाणे संबोधणे हा साधा आदर आहे आणि त्यासाठी अकादमीच्या परवानगीची गरज नाही. नवख्या परदेशी माणसाकडून चुकून ‘तोदोस’ गेले म्हणून मात्र सहसा कोणी दुखावत नाही. तुमच्यासारख्या विद्यार्थिनीला वर्गात ‘तोदेस’ सर्रास ऐकू येईल. बुएनोस आइरेस विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रे विद्याशाखेने २०१९मध्ये समावेशक भाषेला मान्यताही दिली आहे. तरीही प्रबंधात काय चालेल, हे मार्गदर्शकांना आधी विचारा. घरमालकाला किंवा सरकारी कार्यालयाला लिहिताना प्रमाण रूपेच ठेवा. अनोळखी समूहाला लिहायचे असेल, तर ‘एस्तुदियान्तेस’ (विद्यार्थी), ‘पेर्सोनास’ (व्यक्ती) किंवा ‘किएनेस’ (जे कोणी) असे शब्द निवडून वाक्य रचावे, म्हणजे बाजू घेण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र ‘एस्तुदियान्तेस’च्या आधी ‘लोस’ हे उपपद लावलेत की पुल्लिंग पुन्हा येते.