त्या वहीत ‘उसने’ लिहिलं होतं

सस्नेह आशीर्वाद.

पतसंस्थेचं तुझं पहिलंच ऑडिट, आणि रोकड चाळीस हजारांनी कमी भरली. रोखपाल जुना आहे, गावात त्याला सगळे देवमाणूस म्हणतात, आणि त्याच्यावर संशय घेताना तुला अपराधी वाटतंय. वाटू दे. पण मोजणी थांबवू नकोस.

मी तुझ्याएवढा असताना एका रोखपालाची शिल्लक दोन वर्षं न मोजता मान्य केली. तो बंडलं टेबलावर रचायचा, मी बंडलं मोजून सही करायचो. तिसऱ्या वर्षी बंडलं सोडली, तर शंभराऐवजी कुठे ब्याऐंशी, कुठे पंच्याऐंशी नोटा. तो काही बोलला नाही. खिशातून छोटी वही काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. तारीख, रक्कम, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द: ‘उसने’. सुरुवात मुलीच्या दवाखान्यापासून होती. पहिल्या पानांवर परतफेडीच्या नोंदीही होत्या, पुढे त्या विरळ होत गेल्या. मला फसवण्याआधी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

अमेरिकेत गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अपहाराबद्दल तुरुंगात असलेल्यांशी बोलून १९५३ साली हेच मांडलं. कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, विश्वासाच्या जागेमुळे हाती आलेली संधी, आणि ‘ही काही चोरी नाही’ असं मनाला पटवणारं कारण. हे कारण पैसे उचलायच्या आधीच तयार असतं.

सत्यम या आयटी कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात ५,०४० कोटींची रोख आणि बँकशिल्लक मुळात नसल्याचं कबूल केलं. त्याच पत्रात, आपण कंपनीतून एक रुपयाही घेतला नाही, असंही लिहिलं. छोटी तफावत वर्षागणिक वाढली आणि वाघावर बसल्यासारखं झालं, उतरावं तर तो खाणार, असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. पण मला जास्त टोचतात ते तिथले लेखापरीक्षक. शिल्लक बँकांकडून थेट पडताळायची सोडून ते कंपनीच्या हातून आलेल्या पत्रांवर विसंबले.

कारण आपणही मनाची समजूत घालतो. ‘माणूस जुना आहे’, ‘एवढी मोठी संस्था आहे’, ‘उगाच कशाला दुखवायचं’. मी दोन वर्षं त्यावरच सह्या केल्या, आणि त्यात ठेवीदारांचे पैसे गेले. उलटही होतं: एकदा संशय आला की माणसाचा घामसुद्धा पुरावा वाटू लागतो. घाबरलेला निर्दोष माणूसही अडखळतो, हे विसरू नकोस.

उद्या त्याच्याशी बोलशील तेव्हा ‘चोरी’ हा शब्द काढू नकोस. आधी मोजणीच्या कागदावर त्याची आणि व्यवस्थापकाची सही घे. मग दिवसभराचं काम कसं चालतं ते विचार, तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे असते ते विचार, आणि गप्प बस. तो रकमेला कोणता शब्द वापरतो, तेवढा जसाच्या तसा लिहून घे. आणि त्याला पाणी विचार.