सही केलीत, पण नोटीस कुठाय?

गल्फमध्ये नोकरी करणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या एका वाचकाचा मेल आलाय, आणि खरं सांगायचं तर असले मेल आता सारखेच येतात. मामला असा की गेल्या वर्षी 9 जूनला पहाटे नवराबायको विमानतळावर उतरले, बायकोच्या हातात लग्नातल्या पाटल्या-बांगड्या, ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे डिक्लेअर करण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्यांच्या वाटेने निघाले, कस्टमवाल्यांनी थांबवलं, दागिने उतरवून घेतले, पावती दिली, दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या. आता फेब्रुवारी संपत आला. नोटीस नाही, सुनावणी नाही, दागिनेही नाहीत.

सोनं किती ग्रॅम चालतं, डिक्लेअर करायला हवं होतं का, यात मी शिरत नाही, ते तुम्ही एव्हाना दहा व्हिडिओत बघितलं असणार. तुमचं प्रकरण फिरतंय ते मेलच्या अगदी शेवटी सहज टाकलेल्या एका ओळीवर: "एका छापील फॉर्मवर सही केली, इंग्रजीत होतं, वाचलं नाही, साहेब म्हणाले लवकर सुटेल." अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

कस्टम्स अ‍ॅक्ट 1962 चं कलम 124 म्हणतं की लेखी नोटीस, उत्तर द्यायची संधी आणि सुनावणी, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय माल जप्त म्हणजे कॉन्फिस्केट करता येत नाही. आणि कलम 110(2) म्हणतं की माल ताब्यात घेतल्यापासून सहा महिन्यांत ती नोटीस दिली नाही तर माल ज्याच्याकडून घेतला त्याला परत करायचा. कमिशनर आणखी जास्तीत जास्त सहा महिने वाढवू शकतात, पण कारणं लेखी नोंदवून, आणि पहिली मुदत संपायच्या आत तुम्हाला कळवून. म्हणजे तुमच्या प्रकरणात कस्टम खात्याची मुदत 9 डिसेंबरच्या आसपासच संपली.

मग अडलं कुठे? त्या फॉर्मवर बहुतेक असं छापलेलं असतं की मला कारणे दाखवा नोटीस नको, पर्सनल हिअरिंग नको, तोंडी सगळं समजलं. प्रवाशाने स्वतः मागितलं तर नोटीस तोंडी चालते असं कलम 124 मध्येच आहे, त्यामुळे खातं म्हणणार की नोटिशीचा प्रश्नच नाही, मग सहा महिने कसले मोजता. पण 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने अशाच छापील फॉर्मच्या प्रकरणांत सांगितलंय की आधीच छापून ठेवलेल्या कागदावरची सही म्हणजे तोंडी नोटीस नव्हे, आणि ही पद्धतच बंद करा. तुम्ही मुंबई हायकोर्टाच्या हद्दीत, तिथे तो निकाल बंधनकारक नाही, पण वजन नक्की आहे. खातं असंही म्हणेल की 9 जूनला माल नुसता डिटेन केला होता, म्हणजे अडवून ठेवला होता, सीझ म्हणजे कायद्याने ताब्यात नंतर घेतला, तेव्हा सहा महिने तिथून मोजा. यावर वाद होतो, मी छातीठोक काही सांगणार नाही.

आता आठ महिने तुम्ही काय केलंत तर ओळखीतल्या कुणीतरी "आत माणूस आहे, करतो" म्हटलं म्हणून थांबलात. एक साधा अर्ज टाकला असता तर आज फाइलमध्ये तुमचा कागद असता.

आता तरी पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलने कस्टम खात्याला लेखी पत्र टाका: फॉर्मची, पंचनाम्याची, जबाबाची कॉपी द्या, मुदतवाढीची ऑर्डर असेल तर दाखवा, माल परत द्या, आणि विकू किंवा वितळवू नका. हे शेवटचं विसरू नका, सोन्याची विल्हेवाट केस चालू असतानाही लावता येते. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हायकोर्टात रिट याचिका. ती सुनावणीच्या बोर्डावर कधी येईल ते देव जाणे, म्हणूनच आधी माल न विकण्याचा अंतरिम आदेश मागायचा.

एक भीती मात्र आहे. दरम्यान जप्तीची ऑर्डर झाली असेल तर गणित बदलतं, ती मिळाल्यापासून 60 दिवसांत कमिशनर (अपील्स) कडे अपील, उशीर माफ होतो तो फार तर आणखी 30 दिवस, त्यापुढे नाही. बॅगेजच्या, म्हणजे प्रवाशाच्या सामानाच्या प्रकरणात तिथून पुढे ट्रायब्युनल नाही, केंद्र सरकारकडे रिव्हिजन म्हणजे फेरतपासणीचा अर्ज. दागिने वापरातले होते हे दाखवायला लग्नाचे फोटो, सराफाचं जुनं बिल शोधून ठेवा, पण ती लढाई नंतरची.

आणि पासपोर्टवर पत्ता जुन्या घराचा आहे म्हणालात, जिथे तीन वर्षं कुलूप आहे. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टने पाठवलेली नोटीस पोचली असंच धरलं जातं. तेव्हा पत्र लिहायच्या आधी भावाला आजच तिकडे पाठवा, दाराच्या फटीत काय काय पडलंय ते बघू दे, पोस्टातही विचारू दे, आणि जे मिळेल त्याचा पाकिटासकट फोटो मला पाठवा, शिक्क्यावरची तारीख दिसेल असा.