दुसरं वचन आधी वाच

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सलाम.

काल फोनवर तू दहा मिनिटं धड काही बोललाच नाहीस. मोटारसायकलवर दोघं होतात. तुझं कोपर खरचटलं आणि मागे बसलेला गेला. आता मंडळीतले म्हणतात, रविवारी उपासनेत साक्ष दे, देवाने कसं वाचवलं ते सांग. बायबलमधला शास्त्रभागसुद्धा काढून दिलाय, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२, वचन ३ ते १७. प्रभू येशूचा शिष्य पेत्र, त्याची तुरुंगातून सुटका.

३ पासून का, हे विचारलंस का कुणाला?

दुसरं वचन आधी वाच. जेमतेम एक ओळ आहे. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब, तोही प्रभूचा शिष्य, याला तलवारीने मारलं. बस्स. ना देवदूत, ना उजेड. त्याचे शेवटचे शब्दही हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लिहिले नाहीत. पेत्राच्या वाट्याला मात्र सगळं तपशीलवार. दोन साखळ्या, दोन शिपायांच्या मधे झोपलेला, चार-चार शिपायांच्या चार टोळ्या पहाऱ्यावर. देवदूत कुशीत मारून उठवतो, कंबर बांध, वहाणा घाल म्हणतो. लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. मग मार्काच्या आईच्या दारात ती दासी रुदा, पेत्राचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतले तिलाच वेडी ठरवतात. सुटकेसाठी प्रार्थना करणारेच ते! मला हा भाग फार आवडतो, खोटं कशाला बोलू. संडे स्कूलची पोरं इथे हमखास हसतात.

पण याकोब म्हणजे कुणी परका नव्हता रे. गालीलच्या समुद्रावर तो पेत्राचा भागीदार. याइराच्या मेलेल्या मुलीला उठवताना, डोंगरावर प्रभूचं रूप पालटलं तेव्हा, धरला गेला त्या रात्री गेथशेमानेच्या बागेत, प्रभूने बरोबर नेलेले तिघंच: पेत्र, याकोब, योहान. एकाच हेरोदाच्या हातात दोघं सापडले, एक गेला, एक राहिला. आणि सुटून आलेला पेत्र दारात उभा राहून काय सांगतो? ‘हे याकोबाला आणि बंधुजनांना कळवा.’ हा याकोब दुसरा, प्रभूचा भाऊ. पण नाव तेच ना! त्या रात्री ते नाव घेताना पेत्राची जीभ अडखळली असेल की नाही? लूक सांगत नाही. मी तिथे दरवेळी थांबतो.

मी काही पहिल्यापासून थांबत नव्हतो. चोवीस वर्षांचा होतो, नगर जिल्ह्यातल्या एका वाडीवर उपासना घ्यायचो. विहिरीचं काम चालू असताना कड ढासळली. दोघं खाली होते, एकाला वर काढलं, दुसरा हाती लागला तो संपलेलाच. पुढच्या रविवारी मी हाच अध्याय घेतला, तिसऱ्या वचनापासून. वाचलेला समोर बसलेला, त्याच्याकडे बोट दाखवून लोखंडी दरवाजा अगदी रंगवून सांगितला. गेलेल्याची आई दारापाशी सतरंजीच्या कडेला बसली होती. मधेच उठली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच गेली. दर कापणीच्या सणाला तिची पायलीभर बाजरी यायची. त्यानंतर ती बाजरी आली नाही.

मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. लोक खचले होते, त्यांना धीर हवा होता, आणि पेत्र खरोखरच सुटला होता. हे मी आजही स्वतःला सांगतो. पण दुसरं वचन वाचलं नव्हतं, त्याचं काय करू?

तेव्हापासून हट्ट धरलाय. पेत्र घेतला की आधी याकोब. कमिटीतले वैतागले, पोरांना तलवारीची गोष्ट कशाला म्हणाले. म्हणोत. पेत्र सुटल्यावर त्या पहारेकऱ्यांनाही हेरोदाने मारायला लावलं, ते एकोणिसावं वचनही मी सोडत नाही.

आणि ते ‘देवाने मला काही उद्देशाने वाचवलं’ हे वाक्य कृपा करून म्हणू नकोस. मग मागे बसलेल्याबद्दल उद्देश नव्हता का? इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढ. ३४व्या वचनात काही जण विश्वासाने तलवारीच्या धारेपासून निभावले, ३७व्यात काही जण तलवारीने मेले. मधे दोन वचनं. विश्वास दोघांचाही, एकाच यादीत. मंडळीने याकोबासाठी कमी प्रार्थना केली असेल, असं म्हणणारा कुणी भेटला तर माझ्याकडे पाठव.

याच याकोबाच्या आईने, जब्दीच्या बायकोने, प्रभूकडे मागितलं होतं की माझे दोघं मुलगे तुझ्या राज्यात उजवी-डावीकडे बसू देत. ती तेव्हा जिवंत होती की नाही, शास्त्र बोलत नाही. असेल, तर पेत्राच्या सुटकेची बातमी तिला कुणी सांगितली असेल? आणि कशी?

रागावू नकोस, आवाज चढला माझा. कोपर दुखतंय का अजून?

रविवारी उभा राहा किंवा राहू नकोस, कमिटीचं मी बघतो. राहिलास तर दुसऱ्या वचनापासून वाच. पण शुक्रवारी आधी त्याच्या आईकडे जा. शास्त्र घेऊन जाऊ नकोस. ती चहा ठेवेल, नको म्हणू नकोस. त्याच्याबद्दल बोलायला लागली तर उठायची घाई करू नकोस. परतीला एस.टी.ने ये.

तुझा,
गुरुजी