अ‍ॅनिमे पाहताना जपानी व्याकरणातील विचित्र गोष्टी आणि दृश्यांतील विसंगती तुमच्या लक्षात येतात का?

होय, येतात. पुण्यात जपानी शिकायला लागल्यावर पहिले वर्षभर मी मालिका पाहते आहे की पेपर तपासते आहे, असा प्रश्न घरच्यांना पडत असे. मात्र तुम्ही एकत्र विचारलेल्या या दोन गोष्टींची जात निराळी आहे. चित्रातील चूक बहुधा खरोखरच चूक असते. भाषेतील ‘चूक’ बहुधा चूक नसतेच.

आमच्याकडून वर्गात ‘पाहता येते’ यासाठी ‘मिरारेरु’ आणि ‘खाता येते’ यासाठी ‘ताबेरारेरु’ ही रूपे घोटून घेतली होती. पडद्यावरची मुले मात्र सर्रास ‘मिरेरु’, ‘ताबेरेरु’ म्हणत. मधला ‘रा’ गळतो म्हणून जपानीत या प्रकाराला ‘रा-नुकी’ म्हणतात आणि जुन्या वळणाचे लोक त्यावर नाके मुरडतात. मीही मुरडत असे. पुढे लक्षात आले की ‘मिरारेरु’चे ‘पाहता येते’, ‘पाहिले जाते’ आणि आदरार्थी ‘पाहतात’ असे तिन्ही अर्थ होतात, तर ‘मिरेरु’चा एकच, म्हणजे गळलेल्या ‘रा’ने घोटाळा कमीच केला आहे. जपान सरकारच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाने २०१५-१६ मध्ये केलेल्या भाषाविषयक पाहणीत तर ‘पाहता आले’ यासाठी ‘मिरेता’ म्हणणारे ‘मिरारेता’ म्हणणाऱ्यांपेक्षा प्रथमच जास्त निघाले.

दुसरा प्रकार पात्रांच्या ठरीव बोलीचा. अ‍ॅनिमेतला म्हातारा शास्त्रज्ञ स्वतःला ‘वाशि’ म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी ‘आहे’ अशा अर्थाच्या ‘दा’ऐवजी ‘जा’ लावतो. टोकियोतले खरे आजोबा असे बोलत नाहीत. सातोशी किन्सुई या भाषाशास्त्रज्ञांनी अशा बोलीला ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकेची भाषा, असे नाव दिले. आपल्या जुन्या चित्रपटांतल्या पाटलाची बोली आठवा, म्हणजे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

माझे सर्वांत आवडते उदाहरण माकोतो शिंकाई यांच्या ‘किमि नो ना वा’ (२०१६) या चित्रपटातले आहे. (तो पाहिला नसेल, तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या.) मित्सुहा ही मुलगी आणि ताकी हा मुलगा यांची शरीरे अधूनमधून बदलतात. ती ताकीच्या शरीरात असताना त्याच्या मित्रांना उशिराचे कारण सांगताना ‘मी’ या शब्दापाशीच अडखळते. ती आधी मुलींच्या तोंडी शोभणारे ‘वाताशि’ म्हणते, मग फारच औपचारिक ‘वाताकुशि’, मग सौम्य मुलाचे ‘बोकु’. मित्रांच्या कपाळावर आठ्या. शेवटी ती रांगडे, मुलांमुलांतले ‘ओरे’ म्हणते, तेव्हा कुठे ते मान डोलावतात. मराठीत हा प्रसंग सर्वनामावर उभाच राहणार नाही, कारण आपला ‘मी’ दोघांचाही. आपण पकडले जाऊ ते क्रियापदात, ‘वाट चुकले’ म्हणता म्हणता ‘चुकलो’ करताना. पण आपल्याकडे पर्याय दोनच, तिच्यापुढे चार, आणि त्या चारांतच तिची फजिती आहे.

गंमत अशी, की ‘मी’ या शब्दाबाबत इतका काटेकोर असलेला हा चित्रपट तारखांबाबत सैल आहे. दोघांच्या काळात तीन वर्षांचे अंतर असते. उदाहरणार्थ, ४ ऑक्टोबर २०१३ रोजी शुक्रवार होता, तर २०१६ मध्ये तीच तारीख मंगळवारी आली. रोज शाळेत जाणाऱ्या आणि एकमेकांच्या फोनमध्ये दैनंदिनी लिहिणाऱ्या दोघांनाही वार जुळत नाहीत हे कळू नये, हे मला आजही पटत नाही. ही घाईतली चूक नव्हे. कळले असते तर कथाच उरली नसती, म्हणून केलेली डोळेझाक आहे, आणि मी ती माफ केली आहे.

दूरचित्रवाणीवरील मालिकांतल्या विसंगती मात्र बहुतेक घाईच्या असतात. सुमारे चोवीस मिनिटांच्या एका भागात साधारण तीनशे तुकडे, म्हणजे सलग दिसणारी छोटी दृश्ये, असतात. ते अनेक चित्रकारांत, कधी परदेशांतल्या स्टुडिओंतही, वाटले जातात आणि शेवटी चित्र-दिग्दर्शकाने सर्वांवरून हात फिरवायचा असतो. वेळ संपला की एका तुकड्यात डाव्या खांद्यावर असलेले दप्तर पुढच्यात उजव्यावर जाते. २००६ सालच्या ‘योआके माए योरि रुरिइरो ना’ या मालिकेच्या तिसऱ्या भागात नायिका कोबी चिरते, आणि तो कोबी म्हणजे पानांचा पत्ता नसलेला गुळगुळीत हिरवा चेंडू आहे. जपानी प्रेक्षकांनी त्याची इतकी टर उडवली की डीव्हीडी आली, तेव्हा त्या कोबीला पाने फुटली होती.