घरी थिनर-पॉलिशचं काम करताना वाफेपासून कसं जपावं?

तुम्ही विचारलंय की आजोबांची सागवानी बंगई (झोपाळा) घासून पुन्हा पॉलिश करताय, खोली लहान आहे, थिनरनं डोकं दुखतं, तर तोंडाला रुमाल बांधून भागेल का?

भाऊ, नाही भागणार. रुमाल काय आणि एन-95 काय, दोन्ही धुळीसाठी. लाकूड घासताना एन-95 जरूर लावा. पण थिनरची वाफ हा वायू आहे, तो कापडातून श्वासाबरोबर सरळ आत जातो.

मी भुसावळचा. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. उन्हाच्या झळा नकोत म्हणून भर दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलर सुरू करून मी जुनं कपाट थिनरनं पुसत बसलो होतो. वारा लागतोय म्हणजे हवा खेळतेय, असं मी धरून चाललो. कूलर खोलीतच उभा होता, म्हणजे तीच हवा गोल फिरत होती. तासाभरानं मला वास येईनासा झाला. बायको बाहेरून आली आणि उंबऱ्यातच तिला ठसका लागला. मी उठायला गेलो तर भिंत धरावी लागली. नाक थोड्या वेळात वासाला सरावतं, म्हणून वास गेला म्हणजे वाफ गेली असं कधीही समजू नका. डोकं जड झालं, मळमळलं, गरगरलं की हातातलं काम टाकून मोकळ्या हवेत जा.

म्हणून पहिला उपाय मास्क नाही, जागा. बंगईच्या कड्या काढा आणि फळी अंगणात किंवा गच्चीवर सावलीत न्या. सकाळी सहा ते नऊ काम करा, कारण उन्हात थिनर फार झपाट्यानं उडतं. वारा तुमच्या पाठीमागून येईल असे बसा आणि फळी पुढे ठेवा, म्हणजे वाफ तुमच्यापासून लांब जाईल. खोलीतच करायची वेळ आली तर खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तो कामाचा आहे. फक्त समोरचं दार घराबाहेरच्या मोकळ्या हवेत उघडणारं हवं, नाहीतर सगळी वाफ स्वयंपाकघरात. तिथे गॅस पेटलेला असला तर भडका उडू शकतो. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन आणि अ‍ॅसिटोन असतं. टोल्युइनची वाफ साधारण 4 अंशांनाच पेट घेण्याजोगी होते, अ‍ॅसिटोनची तर शून्याच्याही खाली. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. खाली गोधडीवर बाळ झोपलेलं असेल तर त्या घरात हे काम नकोच, आणि गरोदर बाईच्या आसपासही नको.

मास्क घ्यायचा तर रबरी, गालाला घट्ट बसणारा आणि सेंद्रिय वाफेसाठीच्या (म्हणजे थिनरसारख्या द्रवांच्या) कोळशाच्या कार्ट्रिजचा (वाफ शोषणाऱ्या डब्यांचा) घ्या. दोन्ही कार्ट्रिज तळहातांनी झाकून श्वास ओढा. मास्क आत खेचला जाऊन तसाच राहिला तर बरोबर बसला. दाढी वाढलेली असेल तर फटीतून वाफ येणारच. काम झालं की कार्ट्रिज हवाबंद पिशवीत ठेवा, उघडी ठेवलीत तर कोळसा नुसताच भरत जातो. मास्कच्या आत वास आला की ती बदला.

जुनं पॉलिश काढायला पेंट रिमूव्हर आणणार असाल तर डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलंय का बघा. ते शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि ही कार्ट्रिज मिथिलीन क्लोराइडच्या वाफेला फार वेळ अडवत नाहीत. ते आणूच नका. पॉलिश पेपरनं घासा, वेळ लागेल पण निघतं.

हातही थिनरनं धुऊ नका, ते कातडीतूनही आत जातं. गोडेतेल चोळून साबण लावा. उरलेलं थिनर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. जवसाचं तेल लावणार असाल तर त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

बंगई बाहेरच वाळू द्या. पोरं लगेच चढायला बघतील, पण वास पूर्ण जाईपर्यंत थांबवा त्यांना.